एका फटकाऱ्याचं पान

पेंटर स्वतःला कलाकार समजत नसे, आणि या बाबतीत गावाचं त्याच्याशी पूर्ण एकमत होतं. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, दवाखान्यातलं ‘येथे थुंकू नये’ आणि त्याच्याच खाली पुन्हा तेच जरा दरडावून, एवढीच त्याची एकूण कामगिरी. छापील फलक आले तेव्हा बाकीचे पेंटर कुणी रिक्षाकडे वळले, कुणी घरं रंगवायला लागले. हा टिकला तो त्याच्या पानामुळे.

अक्षरं लिहून झाली की पाटीच्या कोपऱ्यात तो एक पान काढायचा. चपटा ब्रश रंगात बुडवायचा, टेकवायचा, दाब देत खाली ओढायचा आणि शेवटी मनगट किंचित वळवून उचलायचा. एका फटकाऱ्यात पान. खिळ्यांच्या दुकानावर पान, दाढीच्या दुकानावर पान. पंक्चरवाला एकदा म्हणालाही, “पेंटर, या पानाचा माझ्या धंद्याशी काय संबंध?”

“टायर फुटल्यावर गिऱ्हाईक कुठे बसतं? झाडाखालीच ना?” पेंटर म्हणाला.

एवढं पानांचं वेड, पण झाडांशी मात्र ओळख जेमतेम. त्याच्या लेखी झाडाला नाव नसायचं, रेघ असायची. “पालक आणायला सांगितला तर लांबट आणि टोकाला गोल असं काहीही उचलून आणतात,” असं त्याची बायको चारचौघांत सांगायची, आणि तो मान हलवून दुजोरा द्यायचा. आपल्यात काही खोट आहे असं त्याला कधी वाटलं नाही. वाटायचं कारणही पडलं नव्हतं.

कारण पडलं ते ताईच्या पाटीमुळे.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. ती घरात पाळणाघर चालवायची. आईबाप कामावर गेलेली आठ-दहा पोरं दिवसभर तिच्याकडे असत, आणि अंगणात जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यात चार गिनीपिग. पोरं रडायची थांबतात म्हणून एक आणलं होतं, त्याला सोबत म्हणून दुसरं, आणि मग ती आपापली वाढली. त्यातला सगळ्यांत जाडा तो मुकादम. खाणं आलं की सगळ्यांच्या अंगावरून चालत पुढे यायचा. सगळ्यांत लहान ती बुजरी. माणसांची चाहूल लागली की लाकडी खोक्यात शिरायची, ती सगळे पांगल्यावरच बाहेर.

पोरांना त्यांना काहीतरी भरवायची भारी हौस. कुणी बिस्किट घालायचं, कुणी चुरमुरे, एकाने तर खडू घातला. तेव्हा ताई पेंटरच्या दुकानात येऊन म्हणाली, “छोट्या, मला एक पाटी करून दे. चित्रांची. माझ्या पोरांना वाचता येत नाही.”

छोट्याच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या, पण ताईपुढे तो छोट्याच.

“काय काय काढायचं?”

“हिरव्या बाजूला चालतं ते. कोथिंबीर, पुदिना, गाजराचा पाला. गुलाबाच्या पाकळ्या, पण आपल्या अंगणातल्याच, फुलवाल्याकडच्या नाही, त्यांच्यावर औषध मारलेलं असतं. आणि जास्वंद, फूल आणि पान दोन्ही. लाल फुलीच्या बाजूला टोमॅटोचा पाला. फळ चालतं, पाला नाही हं. बटाट्याचा पाला, सदाफुली, घाणेरी.”

“बस?”

“अंगणात आहे तेवढंच काढ. बाहेरचं कोण आणणार? आणि नीट काढ. त्यांचं खरं पोट गवतावर भरतं, हा नुसता खाऊ. रोज एकच प्रकार द्यायचा आणि तोही चिमूटभर, नाहीतर पोट बिघडतं. आणि पोट बिघडलं की ती हातातनं जातात. उलटीसुद्धा होत नाही त्यांना.”

ती प्रत्येक झाडाची एकेक फांदी पाण्याच्या ग्लासात घालून ठेवून गेली. पेंटरने शिस्तीत सुरुवात केली. फुलं आधी, कारण फुलं थांबत नाहीत. जास्वंदीचं फूल त्याने संध्याकाळपर्यंत असं उतरवलं की चहावाला पोऱ्या बोट लावून बघायला आला. पानं उद्यावर ठेवली. उद्या बघतो तर फूल मिटलेलं आणि पानं सुरळी होऊन ग्लासात बुडालेली. शिवाय जास्वंदीच्या पानाला कडेने दाते. एकेक दाता काढत बसायचं म्हणजे बारीक ब्रश, चष्मा आणि मानेला रग. पेंटरने मान वर केली. रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर कसलीशी झुडपं ओळीने उभी होती. लांब, निमुळती, मधे शीर, टोकाला अणकुचीदार पानं. त्याच्या ब्रशाने जन्मभर काढलेलं पान जणू फांदीला लागलं होतं.

त्याने फुलाखाली तीन फटकारे मारले. टक, टक, टक. पाटी फक्कड झाली.

दोन दिवसांनी सकाळी बायको दुकानात डबा द्यायला आली. पाटी काल रात्रीच ताईकडे लागली होती, पण तिचा कागदावरचा कच्चा आराखडा भिंतीवर होता. बायको डबा हातात धरूनच आराखड्यासमोर थांबली.

“अहो, जास्वंदीला कण्हेरीची पानं कधीपासून यायला लागली?”

“कशाची?”

“कण्हेरीची. हे काय, समोर दुभाजकावर लावली आहे ती.”

पेंटर हसला. “अगं, पान ते पान. चित्र आहे.”

“चित्र आहे ते दिसतंय. कण्हेर विषारी असते, एवढं तरी माहीत आहे ना?”

हे त्याला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असतं. कण्हेर खाल्ली की जीव जातो हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. फक्त दुभाजकावरची ती झुडपं म्हणजेच कण्हेर, हे दोन धागे त्याच्या डोक्यात कधी जुळले नव्हते. ते आत्ता जुळले.

“ताईला कळेल हो,” बायको म्हणाली. “ती काय कण्हेर तोडून घालणार आहे? झाडं ओळखते ती.”

“ताई आज घरी नाही. दाढ काढायला गेली आहे.”

“मग पोरांपाशी कोण?”

“भावोजी.”

बायकोने डबा खाली ठेवला. “जा,” एवढंच म्हणाली.

भावोजींविषयी थोडं सांगायला हवं, म्हणजे पेंटरचं धाबं का दणाणलं ते कळेल. ताईच्या नवऱ्याची सगळी नोकरी एका कचेरीच्या आवक-जावक खिडकीत गेली होती. लिहिलेल्या सूचनेवर त्यांची श्रद्धा होती, देवावर नसेल इतकी. एकदा म्हणे बँकेत ‘कृपया रांगेत उभे राहावे’ या पाटीपुढे ते एकटेच रांग करून उभे होते आणि खिडकीतला माणूस “अहो, या ना पुढे” म्हणत होता. झाडं त्यांना ताटात वाढल्यावर ओळखू यायची. असा माणूस, आणि समोर चित्रांची पाटी.

पेंटरने फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तिसऱ्यांदा लावताना त्याला आठवलं आणि त्याने कपाळावर हात मारला. पाळणाघराच्या दारावर सुबक अक्षरांत, कोपऱ्यात पानासकट, त्यानेच लिहून दिलं होतं: ‘आत येताना मोबाइल बंद ठेवावा.’ भावोजी स्वतःच्या घरात शिरतानाही तो बंद करत. ताईला तीन-चारदा फोन लावला तर नुसतीच घंटी. तिच्या तोंडात त्या वेळी दंतवैद्याचे दोन्ही हात असणार.

तो सायकलवर बसला. वाटेत दुभाजकावर सगळीकडे तीच झुडपं. इतकी वर्षं याच रस्त्याने येत-जात होता, आज प्रत्येक पान त्याला वेगळं दिसत होतं. वळणावर ट्रकवाल्याने शिवी घातली. ती त्याने मनोमन मान्य केली. आज मंगळवार. ताईने खाऊचे वार ठरवले होते. मंगळवारी काय असतं? पुदिना असू दे. गाजराचा पाला असू दे. काहीही असू दे, फक्त जास्वंद नको.

फाटकातून आत शिरला तर पोरं ओळीने बसलेली, भावोजी मध्यभागी, हातात कात्री.

“या मेव्हणे!” भावोजी म्हणाले. “तुमच्या पाटीचाच कार्यक्रम चालू आहे. आज जास्वंद.”

“घातलं?”

“घातलं की. पण काय सांगू, आपल्या अंगणातली जास्वंद भेसळीची निघाली. फूल जुळलं, पान जुळेना. तुमच्या चित्रात कड सरळ, या झाडाला करवतीसारखे दाते. मी म्हटलं, हिने फसवलंय आपल्याला. रद्द केली. मग बाहेर शोधत गेलो. दुभाजकावर मिळाली अस्सल. चष्मा लावून पान पाटीवर ठेवून बघितलं, एका रेषेचा फरक नाही!”

आयुष्यात पेंटरच्या चित्राची एवढी तारीफ कुणी केली नव्हती.

“मुलांनी हात लावला?”

“मुलांचे हात चिकट असतात. मी स्वतः घातलं.”

“साबणाने हात धुवा. आधी धुवा, मग बोला!”

पिंजऱ्यात पानं पसरली होती. मुकादम एका पानाच्या टोकाशी होता, जबडा बारीक बारीक हलत होता. पेंटरने त्याला उचललं, तोंडातून हिरवा तुकडा ओढून काढला, पानं एकूण एक गोळा केली. मुकादम जोरात किंचाळला. त्याच्या खाण्यावर असा दरोडा कधी पडला नव्हता.

“काय झालं मेव्हणे?”

“कण्हेर आहे ती, भावोजी.”

भावोजींनी पाटीकडे बघितलं, पानाकडे बघितलं, पुन्हा पाटीकडे बघितलं. “पण हिरव्या बाजूला आहे,” ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्या माणसाचा झाला होता.

“बाकीच्यांनी खाल्लं का?”

“नाही. हा एकटाच आला. बाकीची तिकडे गवतात होती. मी समोरच उभा होतो. मधे फक्त त्या धाकट्याचं नाक पुसायला पोरांना घेऊन आत गेलो, तेवढंच.”

तेवढंच. पेंटरने ते ऐकलं, पण त्या क्षणी त्याच्या हातात मुकादम होता आणि मुकादमचं काळीज त्याच्या बोटांखाली धडधडत होतं. “फोन चालू ठेवा,” त्याने बजावलं. “पाटी मी लिहिली आहे, मीच सांगतोय, चालू ठेवा.” मुकादम खोक्यात, पानं पिशवीत, आणि रिक्षा करून तो थेट जनावरांच्या डॉक्टरकडे.

डॉक्टरीणबाईंनी पान बघितलं आणि त्यांचा हसरा चेहरा उतरला.

“कुणी घातलं हे?”

“ते मग सांगतो. वाचेल का?”

“कुत्रं असतं तर उलटी करवली असती. याला उलटी होत नाही. कोळशाची पूड पाण्यात कालवून पाजते, ती विष धरून ठेवते. पण विष थेट काळजावर जातं. किती खाल्लंय, सांगता येईल?”

“थोडंच असावं.”

“थोडं म्हणजे किती? एवढ्याशा जिवाला अर्धं पानही पुष्कळ झालं.”

बाईंनी मुकादमला आत नेलं. पेंटर बाहेरच्या टेबलापाशी बसला. बसून करायचं काय? त्याने पिशवीतली पानं काढली. टेबलावर औषध कंपनीचा एक कोरा कागद होता, खिशात पेन्सिल होती. त्याने एकेक पान कागदावर ठेवलं आणि जे शिल्लक होतं त्याच्या कडेने रेघ मारली. मग जे नव्हतं ते काढलं. पानाचं पोट जिथून वळत होतं तिथून ते टोकाला कसं गेलं असेल, हे त्याला विचार करावा लागत नव्हता. मनगटालाच ठाऊक होतं. इतकी वर्षं तेच तर काढत आला होता. गेलेला भाग त्याने पेन्सिलीने भरला. कागदावर पानं पुन्हा पुरी झाली, आणि कुठून किती गेलं ते काळं होऊन दिसायला लागलं.

एका पानाचं फक्त टोक गेलं होतं. कड फाटल्यासारखी, रुंद. हा मुकादम. घास घ्यायचा आणि हिसका द्यायचा, तसा तो सगळंच खायचा.

दुसरी दोन पानं मात्र बाजूने कातरलेली होती. बारीक, सुबक, एकसारखे घास, आतल्या शिरेपर्यंत. फाटलेलं काही नाही. घाई नाही. कुणीतरी शांतपणे, कोणी बघत नसताना, बसून खाल्लं होतं.

पेंटर कागद घेऊन तसाच आत शिरला. “डॉक्टर, हे दोन हातांचं काम आहे.”

“म्हणजे?”

“हा फटकारा वेगळा, हा वेगळा. याने फक्त टोक खाल्लंय. ही दोन पानं दुसऱ्याने खाल्ली. लहान तोंडाच्या कुणीतरी.”

बाईंनी कागद हातात घेतला, दिव्याखाली धरला आणि पेंटरकडे न बघताच म्हणाल्या, “ते दुसरं कुठे आहे?”

त्याने भावोजींना फोन लावला. या वेळी पहिल्याच घंटीला उचलला गेला.

“छोट्या!” पलीकडे ताई होती. इतके फोन येऊन गेलेले बघून ती दवाखान्यातून तडक घरी पोचली होती. अर्धं तोंड बधिर, शब्द लोळत येत होते. “घरी काय गोंधळ घालून ठेवलाय? हे पाटीसमोर बसून—”

“ताई, नंतर बोल. खोक्यात बघ. बुजरी.”

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. मग पोरांची कलकल. मग भावोजी कुणाला तरी गप्प करत होते. पेंटर फोन कानाला इतका घट्ट धरून उभा होता की कान दुखायला लागला.

“बाहेर येत नाही,” ताई म्हणाली. “हात घातला तर पळतही नाही.” तिचा आवाज खाली आला. “छोट्या, ही माझ्या हातातून कधी पळाली नाही असं झालंच नाही.”

“घेऊन ये. आत्ता. तशीच.”

ती आली ती एका गालाला सूज, केस विस्कटलेले, टॉवेलात गुंडाळलेली बुजरी छातीशी. मागोमाग भावोजी नव्हते, पोरांना आईबाप न्यायला येईपर्यंत त्यांना हलता येणार नव्हतं. बाईंनी बुजरीला कोळशाचं पाणी पाजलं. निम्मं टॉवेलावर सांडलं. छातीला नळी लावून ठोके मोजत राहिल्या.

“ठोके मधेच चुकतायत,” शेवटी म्हणाल्या. “मी जमेल ते दिलंय. आता तिने खायला हवं. यांचं पोट थांबलं की सगळं थांबतं. खाल्लं तर समजा आशा आहे. नाही खाल्लं तर…” त्यांनी ओलं गवत आणून ठेवलं.

मागच्या खोलीत बाकावर बहीणभाऊ बसले. मुकादम खोक्यात काळ्या मिशा घेऊन बसला होता. थोड्या वेळाने त्याने गवत ओढायला सुरुवात केली, आणि कोळशाच्या चवीविषयी तक्रारही. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. बुजरी ताईच्या मांडीवर, डोळे अर्धे उघडे.

“तूच काढलंस ना ते पान?” ताईने विचारलं. शब्द एका बाजूने गळत होते, ओठ वाकडा होत होता.

“हो.”

“फांदी ग्लासात घालून दिली होती.”

“वाळली होती.”

“मग दुसरी न्यायची होतीस. चार गल्ल्या लांब राहते का मी?”

“दात्यांचा कंटाळा आला, ताई.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या मनात असलेलं सगळं बोलायला अर्ध्या तोंडाने भागणार नव्हतं. “भूल उतरू दे,” ती म्हणाली. “मग बघते तुझ्याकडे.”

पेंटरला त्या क्षणी भूल उतरावी असंही वाटत होतं आणि उतरू नये असंही.

बाहेर दुपार कलली. शेवटचं पोर आपल्या आईबरोबर गेल्यावर भावोजी आले. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. दारातच उभे राहिले. “पान मी तोडलं,” त्यांनी कुणी विचारायच्या आत सांगितलं. “माझ्या हाताने घातलं. पण मी ताडून बघितलं होतं हो. चष्मा लावून. चित्र आणि पान एक होतं.”

“एकच होतं, भावोजी,” पेंटर म्हणाला. “तुम्ही बरोबर ताडलंत. झाड मी चुकवलं.”

भावोजी बाकाच्या टोकाला बसले. वरच्या भिंतीवर ‘शांतता राखावी’ असं छापलेलं होतं. त्यांनी ते वाचलं आणि पुढे अवाक्षर काढलं नाही.

डॉक्टरीणबाई मधून मधून येत, नळी लावत, जात. एकदा कपाळाला आठी घालून गेल्या, एकदा आठीशिवाय. आठीशिवाय गेल्या त्याचा अर्थ काय, हे विचारायचं कुणाला धाडस झालं नाही.

पेंटरने गवताची एक काडी उचलली आणि बुजरीच्या ओठांपाशी धरली. काही नाही. काडी बदलली, कोवळी घेतली. काही नाही. ब्रश धरायचा तशी, दोन बोटांत, अगदी सैल धरली. ताईने मांडी हलू नये म्हणून पाय घट्ट धरून ठेवले होते, आणि तिच्या चांगल्या गालावरून पाणी खाली येत होतं. दुसऱ्या गालावरून येत असलं तरी तिला कळत नसावं.

“छोट्या, हात कापतोय तुझा.”

“नाही कापत.”

“कापतोय. दे इकडे.”

“ताई, थांब.”

हात कापत नव्हता. त्याचा हात आयुष्यात कधी कापला नव्हता, त्याच्यावर तर पोट होतं. काडीचं टोक किंचित खाली गेलं होतं. मग थांबलं. मग पुन्हा, इतकं हलकं की ब्रशाचा एक केस ओढावा तसं, त्याच्या बोटांना काडी पलीकडून ओढली गेल्याचं कळलं.

भावोजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ताईने त्यांच्याकडे न बघता हात वर केला, आणि ते मिटलं.

काडी आणखी थोडी आत गेली. पेंटर न हलता बसला, दोन बोटांत ती सैल धरून. ओढली जात होती तेवढीच तो सोडत होता.